प्रिय : डिअर, बिलव्हेड की आणखी काही?



आजचं वाचन : भगवद्गीता अध्याय १२, श्लोक १३ ते २०, अध्याय १७, श्लोक १५, अध्याय १८, श्लोक ६३ ते ६५. जमलं तर आधी पोथी उघडून एवढे श्लोक वाचून घ्या. शेजारी ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय असला तर उत्तमच.

आजचा अभ्यास एकाच शब्दाचा आहे : 'प्रिय'. पण प्रश्न इंग्रजीचा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरची मुलं बाहेरदेशी आहेत. नातवंडं गीता वाचतात ती इंग्रजीतून. आपण स्वतःही वाढदिवसाचा मेसेज, लग्नाची पत्रिका, श्रद्धांजलीची ओळ इंग्रजीत लिहितो. तिथे आपल्या माणसासाठी शब्द निवडायची वेळ येते आणि समोर चार-पाच सारखेच दिसणारे शब्द उभे राहतात. डिअर, बिलव्हेड, लव्हिंग, डार्लिंग, लव्ह्ड वन. कुठला घ्यायचा? कुठलाही घेतला तर काय बिघडतं?

प्रोग्रामिंगमध्ये व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं तरी प्रोग्राम चालतो. कंपायलर तक्रार करत नाही. पण सहा महिन्यांनी तो कोड वाचणाऱ्याची फसगत होते. माणसांसाठी वापरलेल्या शब्दांचंही तसंच आहे. व्याकरण बरोबर असतं, पण वाचणाऱ्याच्या मनात वेगळंच काही पोहोचतं.

१. पाठात काय आहे

बाराव्या अध्यायाच्या शेवटच्या आठ श्लोकांत भगवंत भक्ताची लक्षणं सांगतात. कुणाचा द्वेष न करणारा, सगळ्यांशी मैत्रीने वागणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, ज्याच्यामुळे लोकांना त्रास होत नाही आणि लोकांमुळे ज्याला त्रास होत नाही असा. या आठ श्लोकांत 'प्रिय' हा शब्द सहा वेळा येतो. शेवटच्या विसाव्या श्लोकात तर नुसतं प्रिय नाही, 'अतीव प्रिय' आहे.

आता गंमत बघा. नवव्या अध्यायात, २९व्या श्लोकात हेच भगवंत म्हणतात की मी सगळ्यांना समान आहे, मला कुणी नावडता नाही आणि कुणी प्रियही नाही. मग बाराव्यात सहा वेळा प्रिय कसा आला? त्याच २९व्या श्लोकाच्या दुसऱ्या अर्ध्यात उत्तर आहे. जे भक्तीने भजतात ते माझ्यात आहेत आणि मी त्यांच्यात आहे. म्हणजे इथलं 'प्रिय' हे यादीतून निवडलेलं लाडकं माणूस नाही. ते नात्याचं वर्णन आहे, दोन्ही बाजूंनी जोडलेल्या नात्याचं. सातव्या अध्यायाच्या १७व्या श्लोकात हे उघडच येतं : ज्ञानी माणसाला मी प्रिय आणि मला तो प्रिय.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशाला, प्रवरेकाठी, शके १२१२ मध्ये म्हणजे इ.स. १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. ज्या खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली तो पैस खांब आजही तिथे आहे. याच 'प्रिय'पाशी माउली आल्या तेव्हा त्यांनी संस्कृत शब्द तसाच उचलून ठेवला नाही. त्यांनी त्या काळच्या मराठीतला 'पढिये', 'पढियंता' हा शब्द घेतला. भक्त आणि देव यांना पती-पत्नीची उपमा दिली. जीवाइतका प्रिय असं म्हणून पाहिलं आणि लगेच तेही कमी पडतं असं सांगितलं. आवडत्या माणसाची गोष्ट खरं तर बोलण्याजोगी नसतेच, पण श्रद्धा बोलायला लावते, असा तिथला भाव आहे.

म्हणजे शब्द अपुरा पडणं ही आपलीच अडचण नाही. सव्वासातशे वर्षांपूर्वी नेवाशालाही ती होती. फरक इतकाच की शब्द अपुरा पडतो म्हणून माउली गप्प बसल्या नाहीत.

२. भाषांतरकारांनी काय केलं

काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे मुंबईचे मराठी विद्वान, पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्यांचं गीतेचं इंग्रजी गद्य भाषांतर १८८२ साली मॅक्स म्युलर यांच्या 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' या मालेत आलं. बाराव्या अध्यायात तेलंगांनी सरळ 'डिअर' घेतला. साधा, सरळ, कुठेही न फुगवलेला शब्द.

एडविन आर्नल्ड पुण्यातल्या कॉलेजचे प्राचार्य होते, त्याच कॉलेजला पुढे डेक्कन कॉलेज हे नाव मिळालं. त्यांचं 'द साँग सेलेस्टियल' १८८५ साली निघालं. गांधीजींनी लंडनला शिकत असताना गीता पहिल्यांदा वाचली ती याच पुस्तकातून. आर्नल्डनी विशेषण टाकूनच दिलं आणि क्रियापद घेतलं : लव्ह. म्हणजे 'तो मला प्रिय आहे' याच्या जागी 'त्याच्यावर मी प्रेम करतो' असं झालं. बोलणारा एकदम पुढे आला.

खरी परीक्षा अठराव्या अध्यायात आहे. तिथे ६४व्या श्लोकात 'इष्ट' येतो आणि लगेच ६५व्यात 'प्रिय'. दोन वेगळे शब्द, एकाच माणसासाठी, एकामागोमाग. इष्ट म्हणजे हवासा. आपण 'इष्टमित्र' म्हणतो त्यातला इष्ट. ॲनी बेझंट यांच्या भाषांतरात इष्टसाठी 'बिलव्हेड' आहे आणि प्रियसाठी 'डिअर'. तेलंगांनी मात्र इष्टच्या जागी 'लाइक' हे क्रियापद घातलं. आज फेसबुकवर अंगठा दाबणाऱ्या मुलाला ते वाचून हसू येईल, पण १८८२ मध्ये तो शब्द इतका हलका झालेला नव्हता. शब्दाचं वजन काळाबरोबर बदलतं, म्हणून आपण निवडलेला शब्द आज ऐकणाऱ्याला कसा ऐकू येतो हे बघावं लागतं.

३. इंग्रजी शब्द एकेक करून

डिअर. याचा एक अर्थ प्रिय आणि दुसरा अर्थ महाग. इंग्रज माणूस बाजारात वस्तू 'डिअर' आहे म्हणतो तेव्हा ती परवडत नाही असं त्याला म्हणायचं असतं. मौल्यवान, सहज न मिळणारं, असा त्याचा गाभा आहे. पण ज्याला कधी पाहिलं नाही त्या साहेबालाही आपण पत्रात 'डिअर सर' लिहितो. त्यामुळे सुरुवातीला नुसता आला तर तो शब्द रिकामा वाटतो. 'डिअर टु मी' म्हटलं, म्हणजे कुणाला प्रिय ते सांगितलं, की त्यात जीव येतो. गीतेतही 'मला' हा शब्द सोबत आहेच.

बिलव्हेड. ज्याच्यावर प्रेम केलं गेलं तो. शब्द जड आहे, जुन्या वळणाचा आहे. समाधीच्या दगडावर, प्रार्थनेत, पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत शोभतो. स्वयंपाकघरातून हाक मारताना कुणी तो वापरत नाही. त्यात 'अनेकांचा लाडका' असाही सूर असतो. एखाद्या शिक्षकाला सारं गाव बिलव्हेड म्हणू शकतं.

लव्हिंग. इथे दिशा उलटी होते. हा प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम केलं जातं तो नव्हे. आपल्याकडे चौकाचौकात फ्लेक्सवर वडिलांच्या फोटोखाली लव्हिंग फादर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'प्रेमळ वडील' असा होतो, 'आमचे लाडके वडील' असा नाही. दोन्ही खरं असेल तर प्रश्न नाही. पण काय म्हणायचं आहे ते ठरवून लिहावं. 'इन लव्हिंग मेमरी' मध्ये मात्र प्रेमळ आहे ती आपली आठवण.

डार्लिंग. हा डिअरचाच लहान भाऊ. मूळ शब्दाला शेवटी एक प्रत्यय लागून 'लहानगा, जवळचा' अशी छटा आली. इंग्रज आई पोराला सहज डार्लिंग म्हणते. आपल्या कानाला तो सिनेमातला, नवरा-बायकोतला शब्द वाटतो. म्हणून मराठी घरात तो काकूसाठी वापरला तर सगळे हसतील.

लव्ह्ड वन. विम्याच्या कागदात, दवाखान्याच्या सूचनेत, शोकसंदेशात हा भेटतो. नाव नाही, नातं नाही, 'तुमचं कुणीतरी जवळचं माणूस' एवढंच. परक्या माणसाने आदराने बोलताना ठीक आहे. स्वतःच्या आईसाठी मुलाने वापरावा असा शब्द नाही.

आता 'लाडकी बहीण' हे शब्द घ्या. २०२४ पासून योजनेमुळे घराघरात झालेत. इंग्रजीत करून बघा. डार्लिंग म्हटलं तर भलतंच, बिलव्हेड म्हटलं तर एकदम गंभीर, डिअर म्हटलं तर पत्राचा मायना. 'लाड' या शब्दात जे पुरवणं आहे, हट्ट चालवून घेणं आहे, ते तिन्हींत येत नाही.

याचं कारण मला असं दिसतं. इंग्रजी आपल्या माणसाला विशेषण लावते, मराठी नातं लावते. जुनी पत्रं काढून बघा. वडिलांना कुणी 'प्रिय बाबा' लिहीत नसे, 'तीर्थरूप' लिहीत. धाकट्याला 'चिरंजीव'. 'प्रिय' हा बरोबरीच्या मित्रासाठी. आणि वारीत तर ओळखपाळख नसलेला माणूसही 'माउली' असतो.

४. मुळाकडे थोडं

भाषाशास्त्रज्ञ सांगतात की संस्कृत 'प्रिय' आणि इंग्रजीतले 'फ्रेंड' व 'फ्री' हे एकाच प्राचीन मुळातून आले. जे आपल्या घरचे, जिव्हाळ्याचे, ते गुलाम नव्हेत, म्हणून ते मोकळे, असा अर्थाचा प्रवास झाला. आणि 'लव्ह' हा आपल्या 'लोभ' शब्दाचा चुलतभाऊ आहे. लोभ म्हटलं की आपल्याला षड्रिपू आठवतात. पण पत्राच्या शेवटी आपणच 'लोभ असावा' लिहायचो ना? धरून ठेवणारं प्रेम आणि मोकळं ठेवणारं प्रेम, दोन्ही आपल्या शब्दांत आहेत. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

५. निवडायचं कसं? गीतेचाच निकष

सतराव्या अध्यायाच्या १५व्या श्लोकात वाणीचं तप सांगितलं आहे. बोलणं कसं असावं? समोरच्याला न टोचणारं, सत्य, प्रिय आणि हितकर. आपल्या कामाला यातल्या तीन कसोट्या पुरतात.

सत्य : हा शब्द मी मनापासून म्हणू शकतो का?
प्रिय : ऐकणाऱ्याच्या कानाला तो गोड लागेल का, की अवघडल्यासारखं होईल?
हित : तो शब्द वाचून कुणाचं काही भलं होईल का?

तीनपैकी एक कसोटी सुटली तर शब्द डगमगतो. नुसता गोड शब्द खुशामत होते. नुसता खरा शब्द वार करतो. नुसता हिताचा शब्द उपदेश होतो.

६. घरातलं एक उदाहरण

आमची आत्या गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला हरिपाठाची छोटी पुस्तिका वाटायची ठरली. पहिल्या पानावर तिचा फोटो, खाली एक ओळ मराठीत आणि एक इंग्रजीत, कारण अमेरिकेतल्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही. छापणाऱ्याकडे इंग्रजी ओळ तयारच होती, बिलव्हेड मदरवाली. आतेबहीण म्हणाली लव्हिंग घाला. आतेभाऊ, आमचा दादा, तिकडून फोनवर म्हणाला, "थांबा जरा. लोकांना माहितीये, माझ्या लग्नापासून आई अन् मी धड बोललो नाही. आता बिलव्हेड लिहिलं तर मलाच ते खोटं वाटतंय."

हे त्याच्या परवानगीने लिहितोय.

मी त्याला १७.१५ वाचून दाखवला. मग आम्ही एकेक शब्द लावून पाहिला. बिलव्हेड गावाच्या बाजूने खरा होता. बाळंतिणीला डिंकाचे लाडू पोहोचवणारी बाई होती ती, गाव तिच्यावर जीव टाकायचं. पण ओळ मुलाच्या नावाने जाणार होती आणि त्याच्या तोंडी तो शब्द बसत नव्हता. लव्हिंग खरा होता, पण त्यात फक्त तिची बाजू आली असती, याची नाही. लव्ह्ड वन म्हणजे तर फॉर्म भरल्यासारखं.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "डिअर चालेल. महाग या अर्थानेसुद्धा चालेल." शेवटी ओळ ठरली ती 'अवर डिअर आई'. मदर काढून टाकलं, आई तसंच ठेवलं, कारण त्या शब्दाला इंग्रजीत जोडीदार नाही.

पुस्तिका तिकडे गेल्यावर त्याच्या मुलीने विचारलं, सगळीकडे बिलव्हेड लिहितात, आपण डिअर का लिहिलं? त्यावर दादाने तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. अबोला कसा पडला, दोघांपैकी कुणीच पाऊल पुढे कसं टाकलं नाही, आणि तरी दर दिवाळीला आईने पाठवलेला चिवड्याचा डबा कसा यायचा. एका शब्दाने मोठं काही घडलं असं मी म्हणणार नाही. पण खरा शब्द निवडला म्हणून खरं बोलायला जागा झाली. हित म्हणतात ते हेच असावं.

७. भगवंतांनी तो शब्द कधी उच्चारला

आता अठरावा अध्याय उघडा. ६३व्या श्लोकात भगवंत अर्जुनाला म्हणतात, मी तुला सगळं सांगितलं, आता पूर्ण विचार कर आणि तुझ्या इच्छेप्रमाणे कर. म्हणजे दोर सोडून दिला. आणि त्याच्या लगेच पुढे, ६४ आणि ६५ मध्ये, तू मला इष्ट आहेस, प्रिय आहेस हे येतं.

हा क्रम महत्त्वाचा आहे. 'माझं ऐकलंस तर तू मला प्रिय' असा तो नाही. आधी मोकळं केलं, मग प्रिय म्हटलं. वर पाहिलेलं प्रिय आणि फ्री यांचं नातं इथे आठवावं. प्रेमाचा शब्द आपण कितीदा हुकूम मऊ करायला वापरतो! 'डिअर, एवढं करून टाक.' 'आमची लाडकी ना तू, मग ऐक.' ऐकणाऱ्याला ते कळतं.

दुसरी गोष्ट. सतराव्यात सांगितलेल्या तिन्ही कसोट्या इथे भगवंतांनी स्वतःच्या बोलण्याला लावलेल्या दिसतात. ६४व्यात 'हित' हा शब्द आहे. ६५व्यात 'सत्य' आहे आणि 'प्रिय' आहे. जे सांगितलं ते स्वतः करून दाखवलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडते. भगवंत अर्जुनाचे सारथी होते. घोड्यांचे लगाम हातात धरून रणांगणात उभे होते. यापेक्षा जास्त प्रेम कृतीतून काय दाखवायचं? आपण मराठी माणसं इथेच थांबतो. 'जेवलास का', 'पोचल्यावर फोन कर', 'गाडी हळू चालव', यातच सगळं आलं असं आपलं म्हणणं. ते खोटं नाही. त्या चिवड्याच्या डब्यात प्रेम होतंच. पण ज्याने सारथ्य केलं त्यानेसुद्धा 'तू मला प्रिय आहेस' हे शब्दांत सांगितलं. तेही तिसऱ्या माणसाजवळ नाही, अर्जुनालाच, समोरासमोर, तो ऐकू शकत होता तेव्हा.

बाराव्या अध्यायात 'तो मला प्रिय' आहे. अठराव्यात 'तू मला प्रिय' झालं. 'तो'पासून 'तू'पर्यंतचं हे अंतर आपल्या घरात पार करायला आपण पुष्कळदा श्रद्धांजलीच्या बोर्डाची वाट बघतो. आणि तिथे पोहोचेपर्यंत ऐकणारं माणूस उरलेलं नसतं. इंग्रजी बरोबर की चूक हा प्रश्न त्यामानाने फार लहान आहे.

मननासाठी

• आज घरातल्या कुणासाठी तुम्ही मनात 'तो' किंवा 'ती' म्हणून प्रिय शब्द ठेवला आहे? तो 'तू' म्हणून सांगता येईल का?
• ज्याच्याशी अबोला आहे त्याच्यासाठी आत्ता, या क्षणी, खोटा न वाटणारा एक शब्द कोणता? मोठा नको, खरा हवा.
• इंग्रजीत लिहायचं असेल तर आधी ठरवा : प्रेम कोण करतंय, ऐकणार कोण आहे, आणि चारचौघांत वाचायचं आहे की घरात. शब्द आपोआप सापडेल. आई, आजी, माउली ही नाती मात्र मराठीतच राहू द्या. मुलं अर्थ विचारतील. विचारू द्या.

प्रार्थना

पांडुरंगा, आमच्या तोंडचे शब्द खरे कर, गोड कर, कुणाच्या तरी भल्याचे कर. ज्यांच्यावर जीव आहे त्यांना ते सांगायचं धाडस दे. त्यांना आमच्या म्हणण्यात बांधून ठेवायची बुद्धी देऊ नकोस. आणि जे ऐकायला आता उरले नाहीत, त्यांच्यापर्यंत आमचा न बोललेला शब्द तूच पोहोचव.

उद्याचं वाचन : अध्याय ११, श्लोक ४१ ते ४४. आपण देवाला सलगीने 'अरे सख्या' म्हणत होतो हे आठवून अर्जुन संकोचतो आणि क्षमा मागतो, तो भाग. येताना एक प्रश्न मनात घेऊन या : सलगीची हाक देवाला खटकली होती का?

राम कृष्ण हरी.